ब्रोकबॅक माउंटन : हीथ लेजरने न बोललेलं सगळं

सायली_व

ब्रोकबॅक माउंटनवर इथे वेगळा धागा दिसला नाही म्हणून काढतेय. शेवटासकट सगळं लिहिणार आहे, ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी आधी बघून या, मग बोलू.

२००५ चा सिनेमा, डायरेक्टर अँग ली. गोष्ट थोडक्यात अशी, १९६३ चा उन्हाळा, अमेरिकेतलं वायोमिंग, एनिस आणि जॅक ही विशीच्या उंबरठ्यावरची दोन गरीब पोरं एका मालकाच्या मेंढ्या राखायला डोंगरावर जातात आणि तिथे त्यांचं एकमेकांशी जुळतं. उन्हाळा संपतो, खाली उतरतात, दोघंही लग्न करतात, पोरंबाळं होतात. चार वर्षांनी जॅकचं पोस्टकार्ड येतं, परत भेट होते आणि मग पुढची कितीतरी वर्षं घरी 'मासे पकडायला चाललोय' असं सांगून वर्षातून दोनतीनदा डोंगरात भेटत राहतात. जॅकला दोघांनी मिळून कुठेतरी छोटंसं रँच, म्हणजे गुरांचा मळा, करून राहायचंय. एनिस नाही म्हणतो, दर वेळी नाही म्हणतो. आणि एक दिवस एनिसने जॅकला पाठवलेलं पोस्टकार्ड मयत असा शिक्का घेऊन परत येतं.

पण मला लिहायचंय ते एनिस झालेल्या हीथ लेजरच्या कामाबद्दल. हा माणूस ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, शूटिंगच्या वेळी जेमतेम पंचविशीचा, आणि त्याने वायोमिंगचा एक असा गडी उभा केलाय की ज्याला बोलायचाच त्रास होतो. नीट बघा, त्याचा जबडा जवळजवळ बंदच असतो, शब्द दातांच्या फटीतून बाहेर येतात, वाक्य सुरू करतो आणि अर्ध्यात गिळून टाकतो. हॅट डोळ्यांवर ओढलेली. खांदे आत. समोरच्याकडे बघायचं झालं तरी एकदाच आणि चटकन. आपल्याकडे दु:खी माणूस दाखवायचा म्हणजे डोळ्यात पाणी, थरथरता आवाज, मागे व्हायोलिन. इथे त्यातलं काही नाही, आणि तरी मला एवढं रडू दुसऱ्या कुठल्या सिनेमाने आणलेलं नाही.

पहिला उन्हाळा संपतो तो सीन घ्या. दोघं रस्त्यावर उभे, बोलणं काय तर पुढच्या वर्षी येणारेस का, मी नोव्हेंबरात लग्न करतोय वगैरे. जॅक गाडी घेऊन निघतो. एनिस चालायला लागतो, चालता चालता एका बोळात शिरतो आणि तिथे अक्षरश: पोट धरून वाकतो, ओकारी येतेय पण काही बाहेर पडत नाही, भिंतीवर बुक्के मारतो, रडतो, आणि तेवढ्यात कोणीतरी वाटसरू बघत उभा राहतो तर त्याच्यावर शिव्या देत खेकसतो. याला प्रेम झालंय हे त्याच्या डोक्याला अजून कळलेलंच नाहीये, फक्त शरीराला कळलंय. आणि लेजरने ते नुसत्या शरीराने दाखवलंय. एकही वाक्य नाही की मला त्याची आठवण येईल वगैरे. मी तो सीन बघून पुढचा काही वेळ सिनेमा थांबवून बसले होते.

तुमचे सीन सांगा. आणि फक्त 'छान आहे' नको, का ते लिहा.

विनायककाका

सायली, धागा काढलास बरं केलंस. मी काउबॉय सिनेमांवर वाढलेल्या पिढीतला. आम्हाला पडद्यावरचा काउबॉय का आवडायचा तर तो कमी बोलायचा. घोडा, हॅट, सिगरेट, नजर. गप्प राहणं हाच त्याचा रुबाब. लेजरने काय केलंय तर तोच गप्प काउबॉय घेतलाय, तीच हॅट, तोच घोडा, आणि त्या गप्प राहण्याची किंमत किती पडते ते वीस वर्षांचा हिशोब मांडून दाखवलंय. पुरुषाने बोलायचं नसतं हे ज्याला लहानपणापासून शिकवलं त्याचं पुढे काय होतं. माझ्या वयाच्या कितीतरी पुरुषांना हा एनिस ओळखीचा वाटेल, त्यांच्या आयुष्यात जॅक नसला तरी.

मूळ कथा अ‍ॅनी प्रू यांची, १९९७ साली द न्यू यॉर्कर या अमेरिकन नियतकालिकात आली होती. लहानशी कथा आहे, एका बैठकीत संपते. लॅरी मॅकमर्ट्री आणि डायना ओसाना यांनी ती वाचून लगेच पटकथा लिहायला घेतली पण पडद्यावर यायला मध्ये सात-आठ वर्षं गेली, कारण हात लावायला कोणी तयार नाही. कथेची भाषा एकदम खडबडीत आहे, लाड नाहीत, आणि सिनेमाने तो कोरडेपणा सोडला नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बाकी मला असं वाटतं की शेवटी ही प्रेमाची गोष्ट आहे. दोन पुरुष आहेत म्हणून वेगळी नाही. एका बाजूला बाई ठेवली असती तरी तेवढीच रडवली असती.

माळरान

सायली, बोळातल्या सीनबद्दल शंभर टक्के.

काका, तुमचा गप्प काउबॉयचा मुद्दा फार आवडला, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही आणि जरा सविस्तर लिहितो कारण हे वाक्य या सिनेमाबद्दल नेहमी ऐकतो. एका बाजूला बाई ठेवली असती तर ही गोष्टच झाली नसती. एनिस नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप त्याला आणि त्याच्या भावाला हात धरून एका खड्ड्यापाशी नेतो आणि तिथे पडलेलं प्रेत दाखवतो. दोन म्हातारे शेजारी एकत्र रँच चालवायचे, त्यातल्या एकाला लोकांनी हालहाल करून मारलेलं. आणि एनिस जॅकला सांगतो की माझ्या बापानेच ते केलं असेल की काय मला माहीत नाही. हे तो किती सपाट आवाजात सांगतो बघा. शेकोटीसमोर बसून, जणू दुसऱ्या कोणाची हकीकत. तिथे लेजर रडला असता तर सगळा सीन पडला असता.

जॅक जेव्हा जेव्हा म्हणतो चल एकत्र राहू, तेव्हा एनिसला समोर रँच दिसत नाही, तो खड्डा दिसतो. घरच्यांचा विरोध, जात, पैसा यांनी तुटलेल्या प्रेमकथा आपण खूप बघितल्यात, तिथे दोघं विरुद्ध जग असतं. इथे जग एनिसच्या आत येऊन बसलंय, नऊ वर्षांचा असल्यापासून. हे समलिंगी माणसालाच होतं, म्हणजे स्वत:चीच भीती स्वत:ला वाटणं, जे आपल्याला सगळ्यात हवं आहे तेच बघून दचकणं.

मी स्वत: गे आहे, छोट्या गावात वाढलोय. मला कोणी प्रेत दाखवलं नाही. पण घरात टीव्हीवर काही आलं की वडील ज्या पद्धतीने चॅनल बदलायचे ते मला अजून आठवतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, कलम ३७७ मधून समलिंगी संबंधांचा गुन्हा गेला, आनंद झालाच, मनापासून झाला. पण कोणी आपल्याकडे बघतंय का हे बघायची मानेची सवय निकालाने जात नाही. एनिसचा घटस्फोट झाल्यावर जॅक टेक्सासवरून चौदा तास गाडी हाणत येतो, खूश होऊन, त्याला वाटतं आता मोकळं झालं सगळं. आणि एनिस दारात उभा राहून त्याच्याशी बोलतोय पण त्याची नजर रस्त्यावरून जाणाऱ्या एका पिकअपकडे जाते. अर्धा सेकंद. लेजरची ती मान वळणं बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण मी ती मान ओळखतो.

अनघा_मुं

माळरान, लिहिलंत त्याबद्दल थँक्यू. खरंच.

मला अल्माबद्दल लिहायचंय, एनिसची बायको. मिशेल विल्यम्स. चार वर्षांनी जॅक येतो, एनिस सकाळपासून खिडकीपाशी बियर घेऊन बसलाय, गाडी दिसते तसा जिन्यावरून धावत सुटतो आणि जॅकला धरून भिंतीशी दाबून चुंबन घेतो, असं की मारामारी चालू आहे वाटावं. आणि अल्मा जाळीचं दार उघडते आणि बघते. लगेच दार लावून घेते. त्या चेहऱ्यावर राग नाही, किळस पण नाही, पायाखालची फरशीच काढून घेतल्यावर माणूस काय करेल तसं काहीतरी. आणि मग ती गप्प बसते. कितीतरी वर्षं. तिच्याकडे हे बोलायला शब्दच नाहीत, तेव्हा कोणाकडेच नव्हते.

मग घटस्फोट होऊन गेलेला, तिने किराणा दुकानवाल्याशी दुसरं लग्न केलेलं, थँक्सगिव्हिंगचं जेवण, एनिस पोरींसाठी आलाय. स्वयंपाकघरात भांडी आवरताना ती शेवटी बोलते. की तुझी मासे ठेवायची टोपली मी एकदा उघडली होती आणि आतल्या गळाच्या दोरीला चिठ्ठी बांधली होती, तू परत आलास, म्हणालास भरपूर ट्राउट मिळाले, आणि टोपली उघडली तर चिठ्ठी जशीच्या तशी, किंमतीचं लेबल पण तसंच. किती साधी गोष्ट आहे ही पण बाईने ती इतकी वर्षं मनात धरून ठेवलीये. मग जॅकच्या नावाला ती एक घाणेरडा शब्द चिकटवते आणि एनिस तिचा हात पिरगाळतो.

मला एनिसची दया येते पण तिथे रागही येतो, आणि सिनेमा दोन्ही येऊ देतो हे त्याचं मोठेपण आहे. दोन पुरुषांचं प्रेम पवित्र दाखवायचं म्हणून बायकोला कजाग करून टाकणं सोपं होतं. ज्या समाजाने एनिसला लग्न करायला लावलं त्यानेच अल्माचं आयुष्य पण वापरलं. आपल्याकडे 'लग्न करून दे, होईल सरळ' म्हणणारे आईवडील आजही आहेत आणि त्या मुलाशी जी मुलगी लग्न करते तिला कोणी विचारत नाही.

तिसरा_मजला

ऑस्करचं कोणी बोललं नाही अजून. आठ नामांकनं, मिळाले तीन, दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा आणि संगीत. सर्वोत्कृष्ट चित्रपट क्रॅशला. लेजरला पण नाही मिळालं, त्या वर्षी अभिनेत्याचं फिलिप सीमोर हॉफमनला गेलं कपोटीसाठी. हॉफमनचं काम उत्तमच आहे त्याबद्दल वाद नाही, पण क्रॅश? आज क्रॅशवर कोण बोलतं. व्हेनिस महोत्सवात मात्र गोल्डन लायन, म्हणजे तिथलं पहिलं बक्षीस, मिळालं होतं.

आणि जानेवारी २००८ मध्ये लेजर गेलाच. २८ वर्षांचा. शेवटचा सीन आता बघताना ते डोक्यात येतंच, कितीही नाही म्हटलं तरी.

रेवा

जॅक कसा गेला याबद्दल तुम्हा लोकांचं काय मत आहे? फोनवर त्याची बायको लुरीन सांगते की रस्त्याच्या कडेला टायरमध्ये हवा भरत होता, टायर फुटला, रिम तोंडावर आली. आणि ती सांगत असताना पडद्यावर आपल्याला दिसतं की तीन माणसं त्याला मारताहेत. आता ते खरं घडलं की एनिसच्या डोक्यातलं?

मला वाटतं अँग लीने मुद्दाम उघडं ठेवलंय आणि तेच जास्त भयंकर आहे. एनिसला कधीच कळणार नाही. खरा अपघात असला तरी त्याला तो खड्डाच दिसणार.

आणि अ‍ॅन हॅथवेचा तो सीन! पूर्ण सिनेमात तिला फारसं काम नाही, केस दर वेळी आणखी पिवळे, आणखी फुगवलेले, आकडेमोड करत बसलेली बाई. फोनवर एकदम थंड, पाठ केल्यासारखी बोलते. मग म्हणते की जॅकची इच्छा होती राख ब्रोकबॅक माउंटनवर टाकायची, मला वाटलं ती त्याच्या कल्पनेतलीच काहीतरी जागा. एनिस म्हणतो आम्ही त्रेसष्ट साली तिथे मेंढ्या राखल्या होत्या. आणि तिचा श्वास अडकतो. बस तेवढंच. त्या एका श्वासात तिला आपलं अख्खं लग्न कळतं.

विनायककाका

माळरान, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. खड्ड्याचा मुद्दा बिनतोड आहे. मी एवढंच म्हणेन की माझ्यासारख्या माणसाला आत शिरायला दार लागतं आणि ते दार प्रेमाचं होतं, आत गेल्यावर मग तू म्हणतोस तो खड्डा दिसला.

रेवा, कथेतही ते तसंच संदिग्ध आहे. आणि एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, कथा छापून आल्यावर वर्षभरातच, ऑक्टोबर १९९८ मध्ये, त्याच वायोमिंगमधल्या लॅरमी इथे मॅथ्यू शेपर्ड या २१ वर्षांच्या गे विद्यार्थ्याला मारहाण करून कुंपणाला बांधून टाकलं होतं, काही दिवसांनी तो हॉस्पिटलमध्ये वारला. त्यामुळे एनिसची भीती जुन्या काळातली, अतिरेकी असं कोणी म्हणू नये.

माळरान

काका, दाराचं पटलं. पण आत आल्यावर लोक म्हणतात हे तर आमच्याच घरासारखं आहे, ते नको, एवढंच :)

जॅकबद्दल कोणीच लिहीत नाहीये. जॅक झालेल्या जेक जिलनहालवर अन्याय होतो कायम, कारण लेजरचं काम डोळ्यात भरतं. पण जॅक नसेल तर एनिसचं गप्प राहणं कोणासमोर? पहिल्याच सीनमध्ये मालकाच्या ऑफिसबाहेर दोघं वाट बघत उभे, एक शब्द नाही, एनिस हॅटखाली लपलेला आणि जॅक दाढी करता करता गाडीच्या आरशातून त्याच्याकडे बघतोय. तिथूनच ठरलं, हा बघणारा आणि तो लपणारा.

तळ्याकाठचं शेवटचं भांडण आठवा. भांडण सुरू कशावरून होतं तर एनिस म्हणतो ऑगस्टमध्ये नाही जमणार, कामावरून सुट्टी नाही, नोव्हेंबरात भेटू. हे लोक विसरतात, एनिस गरीब आहे, पोरींचे पैसे द्यायचेत, पूर्वीसारखी नोकरी सोडून पळता येत नाही. जॅकच्या सासऱ्याचा पैसा आहे, एनिसचं हातावर पोट. त्या रागात जॅक वीस वर्षांचं सगळं बाहेर काढतो, आवाज फुटतो त्याचा, आपलं चांगलं आयुष्य झालं असतं म्हणतो. आणि एनिस आधी चिडतो, धमकावतो, मग तुझ्यामुळेच माझं हे असं झालं म्हणतो, आणि गुडघ्यांवर कोसळतो. जॅक त्याला धरायला जातो तर ढकलतो आणि मग स्वत:च चिकटतो. धरणं आणि ढकलणं एकाच हाताने, ते दोघांनी काय केलंय ते शब्दात सांगता येत नाही मला.

आणि लगेच तो जुना डोंगरावरचा तुकडा येतो, एनिस मागून येऊन जॅकला मिठी मारतो, उभ्याउभ्या पेंगतोयस घोड्यासारखा असं काहीतरी म्हणतो, आणि घोड्यावर बसून मेंढ्यांकडे जातो. तरुण जॅक त्याच्याकडे बघतोय. तिथून कट, आणि मिशीवाला, थकलेला जॅक एनिसची गाडी जाताना बघतोय. जिवंत जॅक आपल्याला दिसतो तो शेवटचा. त्या दोन चेहऱ्यांमध्ये जिलनहालने काय संपवलंय बघा, पहिल्या नजरेत सगळं पुढे आहे, दुसरीत तो हिशोब करून मोकळा झालाय.

सायली_व

माळरान, हेच हवं होतं मला या धाग्यात.

शर्टांवर लिहायचं राहिलं होतं. जॅकच्या आईवडिलांचं घर, लायटनिंग फ्लॅट. उजाड, पांढऱ्या भिंती, घरात उजेड आहे पण ऊब नाही. बाप टेबलाशी बसून एनिसला जे सांगतो ते मला सगळ्यात क्रूर वाटतं. की जॅक नेहमी म्हणायचा एनिस डेल मारला घेऊन येईन, इथे घर बांधू, हे रँच नीट करू. एनिसला हे पहिल्यांदा कळतंय, जॅकने आपल्या घरी माझं नाव घेतलं होतं, माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. आणि पुढच्याच वाक्यात बाप म्हणतो, या वर्षी मात्र दुसऱ्याच कोणाचं नाव घेत होता, टेक्सासमधला शेजारी. दोन वाक्यात दिलं आणि काढून घेतलं. लेजर काय करतो तिथे? काहीच नाही. नुसता ऐकतो. डोळे किंचित खाली.

मग आई, रॉबर्टा मॅक्सवेल, दोनतीन मिनिटांचा रोल असेल, ती त्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते वर जाऊन त्याची खोली बघ हवी तर. तिला सगळं माहितीये. नवऱ्यासमोर बोलू शकत नाही पण सगळं माहितीये. वर कपाटात मागे एका खिळ्यावर जॅकचा शर्ट, बाहीवर जुनं रक्त, आणि त्याच्या आत एनिसचा शर्ट, जो डोंगरावरच राहिला असं तो समजत होता. एनिस ते तोंडाशी धरतो. खाली येतो, शर्ट हातात, काही विचारत नाही. आई काही विचारत नाही. कागदी पिशवी काढते आणि त्यात घालून देते. मला लिहिताना पण भरून येतंय.

आणि शेवटी एनिसच्या पत्र्याच्या घरात तेच शर्ट, पण आता एनिसचा बाहेर आणि जॅकचा आत. कोणी काही समजावून सांगत नाही, लक्षात आलं तर आलं. त्याआधी मोठी मुलगी लग्नाचं सांगायला आलेली असते, एनिस तिला विचारतो, तो तुझ्यावर प्रेम करतो ना. त्याच्या तोंडून तो शब्द ऐकायला आपल्याला पूर्ण सिनेमा थांबावं लागतं. आधी तो म्हणतो लग्नाला जमणार नाही, काम आहे, आणि मग मान हलवतो की काम गेलं खड्ड्यात, येतो. जॅकला जे कधीच म्हणाला नाही ते.

अनघा_मुं

हो!! ते 'येतो' म्हणणं. मी तिथेच फुटले होते, शर्टांच्या आधीच.

तिसरा_मजला

माळरान, जिलनहालला बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचं ऑस्कर, मिळालंय बरं का सहाय्यक अभिनेत्याचं, २००६ ला. पण सहाय्यक कसला, तो पण नायकच आहे, हा वाद तेव्हाही होता.

संगीताबद्दल, गुस्तावो सांताओलाया अर्जेंटिनाचा, गिटारचे मोजके सूर आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. बरंचसं संगीत त्याने शूटिंगच्या आधीच करून दिलं होतं. आणि डोंगर वायोमिंगचा नाहीच, शूटिंग कॅनडात अल्बर्टामध्ये झालंय. कॅमेरा रोद्रिगो प्रिएतो. वर डोंगरात आभाळच आभाळ, खाली घरं सगळी कोंदट, बाळांचं रडणं, कपडे वाळत घातलेले. एनिसला श्वास कुठे घेता येतो ते कॅमेराच सांगतो.

पानगळ_

मी अजून बघितला नाहीये आणि तरी सगळा धागा वाचून काढला, आता या शनिवारी बघणारच. एक विचारायचंय, एनिसचं बोलणं इतकं पुटपुटल्यासारखं आहे म्हणताय तर सबटायटल लावून बघू की नको?

सायली_व

पानगळ, पहिल्यांदा लाव, नाहीतर अर्धे शब्द हुकतील, वायोमिंगची बोली आहे आणि त्यात तो ओठ उघडत नाही. पण तळ्याकाठचं भांडण आलं की बंद कर आणि नुसतं त्याच्या तोंडाकडे आणि हातांकडे बघ. आणि बघून झालं की इथे येऊन लिही, कितीही लांब लिही.